‘समुपदेशना’तून उपदेश वजा केला तर?

‘समुपदेशन’ या शब्दाच्या पोटातच ‘उपदेश’ आहे. त्यामुळे समुपदेशकाकडे पहिल्यांदा जाणारा माणूस सल्ल्याची वाट पाहत बसतो आणि समोरचा बराच वेळ नुसता ऐकतोय म्हटल्यावर गोंधळतो. हे ऐकणं म्हणजे उपचारपद्धतीच आहे, असं ठामपणे मांडणारा माणूस म्हणजे अमेरिकेचे मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स (१९०२–१९८७).

१९३०च्या आसपास रॉजर्स न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत होते. एका वांड मुलाची आई त्यांच्याकडे येत असे. तिनं मुलाला लहानपणी झिडकारलं, तेच सगळ्याचं मूळ, असं रॉजर्सचं पक्कं निदान होतं. भेटीमागून भेटी ते हे तिला पटवत राहिले, पण काही उपयोग होईना. शेवटी त्यांनी हात टेकले आणि दोघांनी थांबायचं ठरवलं. बाई दारापर्यंत गेल्या, वळल्या आणि म्हणाल्या, “इथे मोठ्या माणसांनाही समुपदेशन मिळतं का?” रॉजर्स हो म्हणाले. बाई परत येऊन बसल्या आणि नवऱ्याशी बिनसलेलं नातं, संसारातली हताशा, सगळं बोलू लागल्या. आधीच्या भेटींत यातलं काहीच आलं नव्हतं. या बोलण्यातून पुढे त्या सावरल्या आणि मुलगाही. कुठं दुखतंय हे ज्याचं त्यालाच कळतं आणि कोणत्या दिशेनं जायचं हेही, ही गोष्ट रॉजर्सनी तिथं गाठीला बांधली.

पुढे त्यांनी ‘पेशंट’ शब्द सोडून ‘क्लायंट’ म्हणायला सुरुवात केली. पेशंट म्हटलं की आजार एकाचा आणि शहाणपण दुसऱ्याचं, अशी वाटणी होते.

१९५७ मध्ये त्यांनी माणूस बदलण्यासाठी लागणाऱ्या अटी मांडल्या. त्यातल्या तीन समुपदेशकाच्या वागण्याच्या: मुखवटा न घालता खरं असणं, समोरच्याला विनाअट स्वीकारणं आणि समानुभूती, म्हणजे त्याचं जग त्याच्या बाजूनं पाहणं. समजा, एखादी बाई म्हणाली, “आईचं सगळं मीच करते, पण कौतुक बहिणीचं.” “मनावर घेऊ नका” हा झाला सल्ला. रॉजर्सच्या वाटेनं जाणारा म्हणेल, “कितीही केलं तरी तिच्या नजरेत आपण भरतच नाही, असं वाटतं.” यावर ती कदाचित म्हणेल, “हो... आणि आता मला तिचा रागच येतो.” हा राग तिनं आजवर स्वतःशीही कबूल केलेला नसतो. ‘शहाणी मुलं रडत नाहीत’ असं ऐकतच आपण वाढतो. प्रेमाला अटी असतात हे मूल फार लवकर ओळखतं आणि अटीत न बसणाऱ्या भावना आत ढकलतं. समोर अट घालणारं कोणी नसेल तर त्या बाहेर येऊ शकतात.

हे ऐकायला हळवं वाटेल, पण रॉजर्सचा पिंड प्रयोग करणाऱ्याचा होता. त्यांचं पौगंडावस्थेतलं आयुष्य शिकागोजवळच्या शेतावर गेलं. जनावरांच्या खाद्यावरचा एक जाडजूड ग्रंथ वाचून तुलनेसाठी वेगळा गट कसा ठेवतात, हे ते तिथंच शिकले. त्या काळी उपचाराच्या खोलीत काय घडलं, हे समुपदेशकाच्या आठवणीवरच ठरे. रॉजर्सनी संभाषणं तबकड्यांवर मुद्रित केली आणि १९४२ च्या पुस्तकात एक संपूर्ण उपचार शब्दशः छापला. आपले शब्द, आपल्या चुका अशा उघड्यावर मांडणं हे मला त्यांचं सगळ्यात मोठं काम वाटतं.

शिकागो विद्यापीठात त्यांच्या गटानं मोजमापही केलं. स्वतःविषयीची १०० विधानं कार्डांवर लिहिलेली. क्लायंटनं ती, किती लागू पडतात त्या क्रमानं, दोनदा लावायची: ‘मी आहे तसा’ आणि ‘मला व्हायचंय तसा’. दोन्ही मांडण्या तंतोतंत जुळल्या तर सहसंबंध, म्हणजे जुळण्याचं माप, १, काहीच मेळ नसेल तर ०. उपचारापूर्वी तो सरासरी उणे ०.०१, म्हणजे जवळजवळ शून्य होता, उपचारानंतर ०.३४ झाला. उपचाराची गरज न वाटलेल्या लोकांच्या गटात तो ०.५८ होता. म्हणजे दरी कमी झाली, पण बुजली नाही. पुढे विस्कॉन्सिनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर केलेल्या मोठ्या अभ्यासात अपेक्षित यश आलं नाही.

महाराष्ट्रात मानसोपचारतज्ज्ञ कि. मो. फडके यांच्यामुळे अमेरिकेचेच मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत, म्हणजे अविवेकी विचार तपासून बदलण्याची पद्धत, अधिक परिचयाची आहे. रॉजर्सच्या अटी उपयोगी आहेत, पण त्या अनिवार्यही नाहीत आणि पुरेशाही नाहीत, असं एलिस म्हणत. विचारांवर थेट काम करणाऱ्या, एलिस यांच्याशी नातं सांगणाऱ्या सीबीटीची (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे विचार आणि वर्तन बदलण्याचा उपचार) आणि रॉजर्स परंपरेतल्या उपचाराची तुलना इंग्लंडमध्ये शेफिल्डला झाली. ५१० नैराश्यग्रस्तांवरच्या या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. सहा महिन्यांनी दोन्ही पद्धती जवळपास सारख्याच ठरल्या, वर्षभरानं मात्र सीबीटी पुढे दिसली. नुसत्या ऐकण्यानं सहा महिने बरोबरी साधली, हे मला थोडं वाटत नाही. पण वर्षाअखेरचा फरकही खराच आहे. नैराश्यावर उपचार घेताना समुपदेशक कोणती पद्धत वापरतात आणि का, हे पहिल्याच भेटीत मोकळेपणानं विचारायला हवं.