मॅक्सोर्लीजचं दार बायकांसाठी कसं उघडलं

न्यूयॉर्कच्या ईस्ट सेव्हन्थ स्ट्रीटवरचा 'मॅक्सोर्लीज ओल्ड एल हाउस' हा बार आयर्लंडहून आलेल्या जॉन मॅक्सोर्ली यांनी सुरू केला. बार १८५४ पासूनचा असल्याचा मालकांचा दावा आहे. शहराच्या जुन्या नोंदी चाळणाऱ्यांना मात्र १८६० च्या आसपासपर्यंत ती जागा रिकामीच आढळली. तरीही एवढं जुनं दुकान त्या शहरात विरळाच. एल ही बिअरच, फिकी किंवा गडद, आणि मागणी एक असली तरी पुढ्यात दोन मग येतात. १९२० ते १९३३ च्या दारूबंदीतही हे दुकान 'निअर बिअर'च्या, म्हणजे नावापुरतं अल्कोहोल असलेल्या बिअरच्या, नावाखाली तग धरून राहिलं.

काउंटरवरच्या दिव्याच्या दांडीला टर्की पक्ष्याच्या छातीची हाडं टांगलेली असायची. पहिल्या महायुद्धावर निघालेल्या पोरांनी ती टांगली आणि परतलेल्यांनी आपापली काढून नेली, असं सांगतात. उरलेल्यांवर धुळीचा जाड थर साचला होता. आरोग्य खात्याच्या तपासणीनंतर २०११ मध्ये मालकांनी स्वतःच्या हातांनी ती धूळ काढली.

पण या बारचा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो तो बायकांना असलेल्या बंदीमुळे. जॉन यांच्या मुलाने १९३६ मध्ये बार डॅनियल ओ'कॉनेल या निवृत्त पोलिसाला विकला. तीनच वर्षांनी ओ'कॉनेल गेले आणि मालकी त्यांची मुलगी डोरोथी हिच्याकडे आली. म्हणजे मालकीण बाई, आणि बंदीही बायकांनाच! वडिलांना दिलेल्या शब्दाखातर ती स्वतः धंद्याच्या वेळेत आत पाऊल टाकत नसे. व्यवहार तिचा नवरा बघायचा.

१९६९ च्या जानेवारीत फेथ सायडेनबर्ग आणि कॅरन डीक्रो या स्त्री-हक्क चळवळीतल्या दोघी मुद्दाम आत गेल्या. बिअर नाकारल्यावर त्यांनी थेट कोर्ट गाठलं. ज्या धंद्याला सरकारी परवाना लागतो त्याने निम्म्या गिऱ्हाइकांना बाईपणावरून परत पाठवायचं, हे मुळातच चूक होतं आणि १९७० मध्ये फेडरल कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्याच ऑगस्टमध्ये महापौर जॉन लिंडसे यांनी अशा जागांमधली बंदी उठवणाऱ्या शहराच्या कायद्यावर सही केली. पहिली गिऱ्हाईक होण्याचा मान डोरोथीने घेतला नाही, वडिलांना दिलेला शब्द पाळला.

बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह मात्र १९८६ मध्ये झालं. १९९४ मध्ये नंतरचे मालक मॅथ्यू मार यांची मुलगी टेरेसा काउंटरमागे उभी राहिली. तिथे काम करणारी ती पहिली बाई.