नवं पुस्तक घेण्याआधी: आमच्या शिफारशी कशा वाचाव्यात

दुकानातल्या मधल्या टेबलावर काही पुस्तकांमधून पिवळी पट्टी डोकावताना दिसेल. पट्टीवर चार गोष्टी असतात: पुस्तक कोणाला आवडेल, चाळायचं तर कोणत्या पानापासून, कुठे कंटाळा येऊ शकतो आणि दुकानातल्या कोणी ते वाचलं त्याची आद्याक्षरं. शेवटच्या पानापर्यंत वाचलेल्या पुस्तकालाच पट्टी लागते. प्रकाशकाकडून 'अभिप्रायार्थ' आलेली प्रत विकली जात नाही, वाचून झाली की शाळेच्या ग्रंथालयात जाते. पट्टीच्या बदल्यात जादा कमिशन घेत नाही. पट्टी नसलेलं पुस्तक बहुधा अजून आमच्यापैकी कोणाचं वाचून झालेलं नसतं, एवढाच त्याचा अर्थ.

'कुठे कंटाळा येऊ शकतो' या ओळीवरून लेखक अधूनमधून नाराज होतात. ती ओळ राहणार आहे. पहिली चाळीस पानं संथ आहेत हे माहीत असलेला वाचक ती पार करतो. माहीत नसलेला विसाव्या पानावर पुस्तक मिटतो आणि पुढच्या वेळी आमच्या पट्टीकडे बघतही नाही.

काय सांगितलंत तर नेमकं पुस्तक निघेल

'काहीतरी चांगलं द्या' म्हटलं की आम्ही जे सगळ्यांना देतो तेच तुम्हालाही देणार. त्याऐवजी शेवटचं पूर्ण वाचलेलं पुस्तक सांगा. त्याहून उपयोगाचं म्हणजे अर्धवट सोडलेलं पुस्तक, आणि ते साधारण कितव्या पानावर सोडलं ते. पंधराव्या पानाला सोडलं असेल तर बहुतेक वेळा भाषा पटलेली नसते. निम्म्यावर सोडलं असेल तर भाषा चालली, कथानक रेंगाळलं. या दोन वाचकांना आम्ही वेगवेगळ्या फळ्यांकडे नेतो.

वाचन कधी होतं तेही सांगा. लोकलमध्ये किंवा एसटीत उभ्यानं वाचणाऱ्याला सहाशे पानांची पुठ्ठाबांधणी देण्यात अर्थ नाही. त्याला कथासंग्रह किंवा दीडशे पानांची लघुकादंबरी. रात्री झोपण्यापूर्वी वाचणाऱ्या ज्येष्ठांनी अक्षराचा आकार आधी पाहावा. बारीक टाइपामुळे पानांची बचत होते, म्हणून काही प्रकाशक तो वापरतात, आणि चांगलं पुस्तक केवळ त्यामुळे कपाटात पडून राहतं. दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली सगळंच वाचता येतं. दाराजवळच्या उजेडात एक पान वाचून बघा.

बोलीचा प्रश्नही आधी सोडवलेला बरा. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी किंवा मराठवाडी वळणाचे संवाद असलेल्या कादंबऱ्या आता भरपूर येतात आणि त्यातल्या काही फार दमदार असतात. संवादाची तीन पानं मनातल्या मनात न वाचता हलक्या आवाजात वाचा. अर्थ साधारण लागत असेल तर घ्या. वीस-तीस पानांत कान सरावतो. शब्दसूची बहुधा शेवटी असते, पण काही पुस्तकांत ती नसतेच, हेही पाहून घ्या.

मलपृष्ठ नंतर, श्रेयपान आधी

मलपृष्ठावरचा मजकूर विकण्यासाठी लिहिलेला असतो. प्रस्तावना बहुतेकदा लेखकाच्या स्नेह्याची असते. मुखपृष्ठ उलटल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या पानावर असलेलं श्रेयपान मात्र कोणाची भीड ठेवत नाही. तिथे पहिल्या आवृत्तीचं साल बघा. 'नवीन आलंय' म्हणून टेबलावर असलेलं पुस्तक वीस वर्षांपूर्वीचं असू शकतं, फक्त मुखपृष्ठ बदललेलं. त्यात गैर काही नाही, पण तुमच्या कपाटात ते आधीच असू शकतं. 'आवृत्ती' म्हणजे मजकुरात काही भर किंवा दुरुस्ती असावी, आणि 'पुनर्मुद्रण' म्हणजे तोच मजकूर पुन्हा छापलेला, असा संकेत आहे. तो सगळे पाळत नाहीत. 'दहावी आवृत्ती' वाचून भारावून जाऊ नका: आवृत्ती तीनशे प्रतींचीही असते आणि तीन हजारांचीही, आणि प्रतींचा आकडा छापण्याची पद्धत जवळपास गेली आहे.

आयएसबीएन क्रमांक असला की पुस्तक दर्जेदार, असा समज आहे. हा तेरा अंकी क्रमांक म्हणजे पुस्तकाची ओळख पटवण्याची सोय आहे. भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो आणि स्वखर्चानं पुस्तक काढणारी व्यक्तीही तो घेऊ शकते. भारतीय पुस्तकांवर तो ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होतो. आमच्याकडे मागणी नोंदवताना मात्र तो जरूर द्या, कारण पुठ्ठाबांधणी आणि साध्या बांधणीचे क्रमांक वेगळे असतात आणि चुकीची प्रत येण्याचं हेच सर्वांत मोठं कारण आहे.

अनुवाद असेल तर श्रेयपानावर तीन गोष्टी शोधा: मूळ नाव, मूळ भाषा, अनुवादकाचं नाव. कन्नड किंवा मल्याळम कादंबरी थेट त्या भाषेतून आली आहे की इंग्रजीच्या वाटेनं, हे तिथे कळायला हवं. कळत नसेल तर आम्हाला विचारा. अनुवादकाचं नाव मुखपृष्ठावर ठेवणारा प्रकाशक सहसा अनुवाद तपासूनही घेतो.

जुन्या, गाजलेल्या पुस्तकांबाबत वेगळी काळजी घ्यावी लागते. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतात. साने गुरुजींचं निधन १९५० चं, म्हणून १ जानेवारी २०११ पासून 'श्यामची आई' कोणीही छापू शकतो आणि अनेकजण छापतात. किंमत वेगळी, कागद वेगळा, आणि काही प्रती चक्क संक्षिप्त. अनुक्रमणिकेत बेचाळीस रात्री आहेत का, तेवढं मोजा. स्वस्त प्रतीत मुद्रणदोषही जास्त असतात, कारण जुनी प्रत स्कॅन करून संगणकाकडून अक्षरं ओळखून घेतलेली असतात आणि नंतर कोणी मुद्रितं तपासलेली नसतात. जोडाक्षरं आणि अनुस्वार तिथेच आधी बिघडतात. एक पान वाचलंत तरी लक्षात येतं.

पुरस्काराचं पुस्तक लगेच का मिळत नाही

साहित्य अकादमीचा पुरस्कार जाहीर झाला की दुसऱ्या दिवशी विचारणा सुरू होते आणि आमच्याकडे पुस्तक नसतं. कारण पुरस्काराच्या नियमात आहे. पुरस्कारवर्षाच्या लगतचं एक वर्ष सोडून त्याआधीच्या पाच वर्षांत पहिल्यांदा प्रकाशित झालेली पुस्तकं विचारात घेतली जातात. २०२४ च्या पुरस्कारासाठी २०१८ ते २०२२ या काळातली पुस्तकं होती. म्हणजे पुरस्कार मिळतो तेव्हा पुस्तक निदान दोन वर्षं जुनं असतं, पहिली आवृत्ती संपत आलेली किंवा संपलेली असते, आणि प्रकाशक घोषणेनंतरच कागद घेतो. छपाई आणि बांधणीला काही आठवडे जातात. नाव आणि क्रमांक नोंदवून ठेवा, गठ्ठा आला की कळवू. तोवर त्याच लेखकाचं आधीचं पुस्तक वाचायला हरकत नाही. आमच्या मते पुष्कळदा तेच अधिक चांगलं असतं.

खरोखर नव्या लेखकांचा शोध असेल तर अकादमीचा युवा पुरस्कार पाहा. तो २०११ पासून, पस्तीस वर्षांपर्यंतच्या लेखकांना दिला जातो. दुसरी वाट दिवाळी अंकांची. १९०९ साली 'मनोरंजन'नं सुरू केलेल्या या प्रथेतून आजही नवे कथाकार आधी तिथेच दिसतात आणि संग्रह दोन-तीन वर्षांनी येतो. अंकातली कथा आवडली तर लेखकाचं नाव टिपून ठेवा आणि आम्हाला सांगा. कवितासंग्रहांच्या प्रती इतक्या थोड्या निघतात की दिसला तेव्हाच घेतलेला बरा.

पैसे देण्याआधी प्रत उघडा

प्लॅस्टिकच्या वेष्टणातल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत आम्ही उघडून ठेवतो. ती चाळा, पण घ्याल ती प्रतही इथेच फोडून बघा. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फॉर्म्यांत छापलं आणि दुमडलं जातं. बांधणीत चूक होते तेव्हा सहसा पूर्ण फॉर्माच गहाळ होतो, दोनदा लागतो किंवा उलटा लागतो. म्हणून सगळी पानं मोजायची गरज नसते: १६ नंतर १७, ३२ नंतर ३३, ४८ नंतर ४९, असे सांधे तपासत गेलं की पुरे. सुरुवातीची पानं वेगळी मोजली असतील तर सांधे थोडे पुढे-मागे सरकतात. अशी सदोष प्रत पावतीसह आणलीत तर कधीही बदलून मिळेल. तो दोष आम्ही प्रकाशकाकडून भरून घेतो. 'आवडलं नाही' म्हणून पैसे परत देता येत नाहीत, कारण आमची बहुतेक खरेदी परत न घेण्याच्या अटीवरची असते. पट्टीचं पुस्तक मात्र पंधरा दिवसांत, नाव न घालता आणि पान न दुमडता आणलंत, तर त्याच किमतीचं दुसरं देऊ. शिफारस आमची होती, तिची जबाबदारीही आमची.

बहुतेक पुस्तकांची बांधणी आता गोंदाची असते. कण्याकडून पाहिलं तर शिवलेल्या पुस्तकात फॉर्म्यांच्या छोट्या कमानी दिसतात, गोंदाच्या पुस्तकात कणा सपाट असतो. गोंदाचं नवं पुस्तक मधोमध उघडून तळहातानं दाबलंत की कणा तिथेच तडकतो आणि महिन्याभरात पानं सुटतात. कणा टेबलावर टेकवा, दोन्ही मुखपृष्ठं बाजूला झुकवा, मग दोन्हीकडून दहा-दहा पानं हलकेच दाबत मध्यावर या. जाड पुस्तकाला मिनिटभर लागतं. उन्हात उभ्या गाडीत पुस्तक ठेवू नका, गोंद मऊ होतो. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधूनही ठेवू नका: आत अडकलेल्या दमटपणानं कागदावर तपकिरी ठिपके येतात आणि कसरही लागते.

रस्त्यावर निम्म्या किमतीला मिळणारी नवी, खपाची पुस्तकं बहुधा चोरटी छपाई असते. अक्षर काळं नसून राखाडी, समास तिरके, मुखपृष्ठ पातळ आणि रंग विटका. लेखकाला त्यातून एक पैसाही मिळत नाही.

प्रकाशनपूर्व सवलत

मोठे ग्रंथ आणि संच यांसाठी प्रकाशक आगाऊ पैसे घेऊन चांगली सवलत देतात. त्या पैशातून कागद घेतला जातो, म्हणून सवलत परवडते. नोंदवताना पावतीवर चार गोष्टी लिहून घ्या: खंड किती, टपालखर्च धरलेला आहे का, अपेक्षित तारीख, आणि किंमत वाढली तर फरक कोण भरणार. तारीख पुढे जाते हे गृहीत धरा. संदर्भग्रंथाला सूची करायला वेळ लागतो आणि घाईनं केलेली सूची निरुपयोगी असते. पहिला खंड निघालेला नसताना पाच खंडांचे पैसे भरू नका, असा आमचा स्पष्ट सल्ला आहे, मग प्रकाशक कितीही नावाजलेला असो.

मुलांसाठी

मुलाचं वय सांगण्यापेक्षा ते सध्या काय स्वतः वाचतं ते सांगा. नुकतं वाचायला लागलेल्यांसाठी जोडाक्षरविरहित गोष्टी मिळतात, आणि इंग्रजी माध्यमातल्या दहा वर्षांच्या मुलालाही कधी तिथूनच सुरुवात करावी लागते. त्यात कमीपणा नाही, मात्र गोष्ट त्याच्या वयाची हवी; ससा आणि कासव दिलंत तर ते पुस्तक उघडणार नाही. चाचणी सोपी आहे: मुलाला एक पान मोठ्यानं वाचू द्या. पाचाहून अधिक शब्दांवर अडखळलं तर ते पुस्तक तुम्ही वाचून दाखवायचं, त्यानं वाचायचं दुसरं घ्या. भेट म्हणून द्यायचं असेल तर पहिल्या पानावर लिहिण्याआधी ते पुस्तक घरात आधीच नाही ना, याची खात्री करा.

किंमत, मागणी आणि टपाल

छापील पुस्तकावर जीएसटी नाही, त्यामुळे बिलात करापोटी काही वाढत नाही. ऑनलाइन सवलत आमच्याहून जास्त दिसली तर टपालखर्च धरून बेरीज करा. एका पुस्तकाला फरक बहुधा किरकोळ उरतो, पाच-सहा पुस्तकांना खरोखर उरतो, आणि तेव्हा आमच्याशीही बोला.

दुकानात नसलेलं पुस्तक मागवायचं असेल तर नाव, लेखक, प्रकाशक आणि शक्य तर आयएसबीएन द्या. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांकडून साधारण आठवड्यात येतं. छोट्या गावातल्या किंवा स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकांकडून यायला तीन आठवडेही लागतात, कारण एका प्रतीसाठी पार्सल करणं त्यांना परवडत नाही आणि ते चार मागण्या जमायची वाट पाहतात.

बाहेरगावी पाठवायला टपाल खात्याची १ मे २०२५ पासून सुरू झालेली 'ज्ञान पोस्ट' सेवा स्वस्त आहे: तीनशे ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. दोनशे पानांचं डेमी आकाराचं (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच) पुस्तक साधारण अडीचशे ग्रॅम भरतं. पुठ्ठा घालून बांधलं की तीनशेची मर्यादा ओलांडू शकते, म्हणून अशा एका पुस्तकाला आम्ही जाड कागद वापरतो आणि कोपऱ्यांनाच पुठ्ठा लावतो. पार्सल जमिनीवरून जातं, त्यामुळे वाढदिवसाची भेट असेल तर दहा दिवस आधी सांगा. नियतकालिकं या सेवेत बसत नाहीत, दिवाळी अंक वेगळे पाठवावे लागतात.

मागवलेलं पुस्तक आल्याचा निरोप मिळाल्यावर ते तीस दिवस तुमच्या नावानं बाजूला राहील. त्यानंतर ते टेबलावर जाईल, आणि कोणी वाचून पूर्ण केलं तर पट्टीसह.