नव्या प्लेयरला 'फायटर घे' म्हणायची पद्धत आली कुठून

डंजन्स अँड ड्रॅगन्स (टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन फाशांवर गोष्ट खेळायचा खेळ) खेळायला कुणी नवीन आलं की टेबलावरचे निम्मे लोक विचारायच्या आधीच सांगून मोकळे होतात, फायटर म्हणजे लढवय्या घे भावा, सोप्पा आहे. इथं कोल्हापुरात राजारामपुरीत आमच्या ग्रुपमधे पण हेच चालतं. हा सल्ला पार १९७४ पासून चालत आलाय आणि मजा म्हणजे तेव्हापासून फायटर स्वतः किती वेळा बदलला याचा पत्ता नाही, कधी तो खरंच सोपा होता, कधी सगळ्यात किचकट, सल्ला मात्र जसाच्या तसा.

१९७४ ला गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा पहिला बॉक्स आला तेव्हा क्लास, म्हणजे पात्राचे प्रकार, तीनच होते, फायटिंग-मॅन (आजचा फायटर), मॅजिक-यूजर (जादूगार) आणि क्लेरिक (पुजारी). दोघंही मूळचे वॉरगेमवाले, म्हणजे टेबलावर छोट्या सैनिकांच्या फौजा मांडून लढाया खेळणारे. गायगॅक्सनं १९७१ मधे जेफ पेरेनबरोबर चेनमेल नावाचे मध्ययुगीन लढायांचे नियम काढले होते, आणि तिकडं मिनेसोटात अर्नेसन ब्लॅकमूर चालवत होता जिथं प्लेयरच्या हातात अख्खी फौज नाही तर एकच माणूस. फायटिंग-मॅन म्हणजे त्या फौजेतनं सुटा काढलेला शिपाई. त्याच्या कागदावर हत्यार, चिलखत आणि एचपी (अंगात जीव किती उरला तो आकडा), संपलं. बाकी दार फोडायचं का, दोरीला लोंबकळायचं का, टेबल उलटं करून आडोसा घ्यायचा का हे सगळं प्लेयरनं तोंडानं सांगायचं आणि डीएमनं, म्हणजे खेळ चालवणाऱ्यानं, ठरवायचं. क्लेरिक तर ब्लॅकमूरमधल्या एका व्हँपायर झालेल्या प्लेयरला आवर घालायला काढलेला, कारण तो कुणालाच ऐकेना झाला होता.

मग मॅजिक-यूजर अवघड का? आज आपण म्हणतो नियम जास्त म्हणून. तेव्हा कारण वेगळं होतं, तो जगायचाच नाही. १९८१ च्या बेसिक सेटमधे पहिल्या लेव्हलच्या मॅजिक-यूजरला एचपीसाठी चार बाजूंचा फासा, चिलखत चालत नाही, हत्यार म्हणजे खंजीर, आणि अख्ख्या दिवसात स्पेल (मंत्र) एक. फाशावर १ पडला तर १ एचपी घेऊन गुहेत शिरायचं, आणि तो एक स्पेल टाकून झाला की पुढचे तीन तास मागं उभं राहून कंदील धरायचा. म्हणजे नवीन माणसाला तो देऊ नका हा सल्ला खरं तर त्याला पहिल्याच दिवशी मरू देऊ नका असा होता.

थीफ म्हणजे चोर हा क्लास आला १९७५ ला, ग्रेहॉक या पुरवणीत. ऐकायला किती भारी, कुलपं उघडणार, सापळे शोधणार. पण त्याच १९८१ च्या तक्त्यात बघा, पहिल्या लेव्हलला कुलूप उघडायची शक्यता १५ टक्के, सापळा शोधायची १० टक्के. भिंत चढायची तेवढी ८७. म्हणजे आपल्या चोराला चोरी सोडून बाकी चढाचढी मस्त जमायची 😄 नवीन प्लेयरनं हौसेनं थीफ घ्यावा आणि पाच कुलपांपैकी एक पण उघडू नये, हे त्या काळात नेहमीचं.

आता या सल्ल्याला खरा पक्का शिक्का कुठं बसला म्हणाल तर माझ्या मते १९८३ च्या लाल डब्यात. फ्रँक मेंट्झरनं केलेला बेसिक सेट, लॅरी एल्मोरनं काढलेलं कव्हर, लाल ड्रॅगन आणि समोर एकटा तलवारवाला. आत प्लेयरच्या पुस्तकात पहिल्याच पानांपासून एकट्यानं खेळायची एक गोष्ट आहे आणि त्यात तुम्ही आपसूकच फायटर, तुम्हाला कुणी विचारलेलंच नाही. गुहेत शिरायचं, गोब्लिन भेटतो, साप भेटतो, अलीना नावाची क्लेरिक भेटते जी तुम्हाला बरं करते आणि बोलता बोलता नियम समजावते, आणि मग बार्गल नावाचा जादूगार तिला मारून टाकतो. हल्ला कसा करायचा, एचपी कसे कमी होतात, सेव्हिंग थ्रो (संकटातनं वाचायला टाकायचा फासा) म्हणजे काय, हे धडा म्हणून न येता गोष्टीतनं येतं. शिकवायची ही पद्धत मला आजच्या कुठल्याही व्हिडिओपेक्षा चांगली वाटते. पण त्याचा परिणाम असा की लाल डब्यातनं आत आलेल्या अख्ख्या पिढीच्या डोक्यात पहिलं कॅरेक्टर म्हणजे फायटर हे फिट्ट बसलं.

याच काळातली एक वाईट सवय पण सांगायला पाहिजे, नवीन माणसाच्या गळ्यात क्लेरिक मारायची. पार्टीत (पात्रांच्या टोळीत) बरं करणारा तर पाहिजे, स्वतःला तर कुणाला घ्यायचा नसतो, मग सगळ्यात शेवटी आलेल्याला द्या. बिचारा अख्खं सेशन दुसऱ्यांचे एचपी भरत बसतो आणि पुढच्या रविवारी येत नाही. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीनं यावर जरा उपाय केला, क्लेरिकला दिवसासाठी आधीच तयार ठेवलेला स्पेल ऐन वेळी बरं करण्याच्या स्पेलमधे बदलता यायला लागला, त्यामुळं सगळे स्पेल आधीच त्यासाठी अडकवून ठेवायची गरज संपली.

पण त्याच तिसऱ्या आवृत्तीनं फायटरचा मात्र इस्कोट केला. फीट्स (निवडून घ्यायची खास कसबं) आल्या. पात्र मानव (एल्फ वगैरे नाही) आणि फायटर असेल तर पहिल्याच लेव्हलला तीन फीट्स निवडायच्या, त्या पण लांबलचक यादीतनं, आणि एक घ्यायला आधी दुसरी लागते. स्प्रिंग अटॅक पाहिजे तर आधी डॉज, मग मोबिलिटी, शिवाय अटॅक बोनस ४. नवीन प्लेयर नाव बघून टफनेस घ्यायचा, त्यातनं मिळायचे ३ एचपी, आणि ते पुढं जाऊन काहीच नाहीत हे कळायला सहा महिने जायचे. कागदावर 'सोपा' आणि आत विषय हार्ड. उलट त्याच पुस्तकात सॉर्सरर नावाचा वेगळा जादूगार आला ज्याला रोज सकाळी स्पेल तयार करायची भानगडच नाही, जे येतात ते टाकायचे. चालवायला कित्येकांना तो फायटरपेक्षा सोपा जायचा.

२००८ ची चौथी आवृत्ती आली आणि तिनं प्रश्नच काढून टाकला, सगळ्यांना सारखा साचा, पहिल्या लेव्हलला कितीही वेळा वापरायच्या दोन पॉवर, लढाईत एकदा एक, दिवसात एकदा एक. फायटर असो नाहीतर विझर्ड (जुना मॅजिक-यूजर). लोक चिडले, जुने जास्तच, आणि २०१० मधे इसेन्शियल्स नावाच्या पुस्तकांमधनं नाइट आणि स्लेयर असे दोन साधे फायटर परत आणावे लागले. माझ्या हिशोबानं ही सगळ्या इतिहासातली बघण्यासारखी जागा, कारण इथं पहिल्यांदा साधा क्लास हा मुद्दाम, ठरवून बांधलेला माल झाला. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीनं तेच पुढं नेलं, एकाच फायटरचे तीन रस्ते, त्यातले दोन इथं महत्त्वाचे, ज्याला डावपेच पाहिजेत त्याला बॅटल मास्टर आणि ज्याला नकोत त्याला चॅम्पियन, ज्याला वीस बाजूंच्या फाशावर २० बरोबर १९ वर पण क्रिटिकल (जबर फटका) लागतो. लक्षात ठेवायचं काहीच नाही.

आणि इथंच आमच्या ग्रुपमधे वाद आहे. एक जण म्हणतो तालमीत नवीन पोराला आधी जोर-बैठकाच काढायला लावतात, डाव नंतर, तसं आधी चॅम्पियनच खेळू दे. मला पटत नाही. १९७४ चा रिकामा कागद चालायचा कारण तेव्हा कुणाच्याच कागदावर काही नव्हतं, सगळेच तोंडानं खेळायचे. आज शेजारचा विझर्ड अर्धा नकाशा पेटवतो आणि नवीन माणूस दर टर्नला 'मारतो' म्हणून फासा टाकतो, तिसऱ्या टर्नला हात मोबाईलकडं जातोच. पण म्हणून विझर्ड द्यावा असं पण नाही. गेल्या पावसाळ्यात मित्राच्या धाकट्या बहिणीनं हट्टानं विझर्ड घेतला. पुस्तकात सहा स्पेल, त्यातले चार तयार, स्लॉट (दिवसात किती स्पेल टाकता येतील तो कोटा) दोन, वर तीन कॅन्ट्रिप, म्हणजे छोटे स्पेल, ज्यांना स्लॉट लागत नाही. ती एकच प्रश्न परत परत विचारत होती, "दादा, तयार केला म्हणजे वापरला का?" आणि आम्ही चौघं चार तऱ्हेनं समजावत होतो. गोब्लिन तोवर थांबलेले.

मधला मार्ग म्हणून मी बार्बेरियन, म्हणजे चिडून लढणारा रांगडा गडी, देतो. पाचव्या आवृत्तीत बारा बाजूंचा हिट डाय (एचपीचा फासा), दिवसात दोनदा रेज (संताप), त्यात डॅमेज २ नं वाढतं आणि हत्याराचा मार निम्मा लागतो. ठरवायचं एवढंच की आता चिडायचं का. तेवढा एक निर्णय असला तरी माणूस टेबलावर जागा राहतो.

२०२४ च्या नव्या पुस्तकात तर क्लास किती किचकट याचा रकानाच छापलाय, कमी या शेऱ्यात फक्त फायटर आणि रोग (जुना थीफ), विझर्ड चक्क मध्यम, आणि सॉर्सरर जास्त मधे गेलाय. गंमत अशी की त्याच पुस्तकात फायटरला वेपन मास्टरी दिलीय, म्हणजे प्रत्येक हत्याराला जोडलेली एक करामत, त्यामुळं तो आता रिकामा राहिलेला नाही. सबक्लास (क्लासमधला पुढचा रस्ता) सगळ्यांना तिसऱ्या लेव्हलला, फायटरला तर २०१४ पासूनच तसं होतं, म्हणजे चॅम्पियन का बॅटल मास्टर हा वाद पहिल्या सेशनला घालायची गरजच उरत नाही, दोन लेव्हल खेळून झाल्यावर ज्याचं त्यानं ठरवावं.