प्रेह विहिअर: दार एकीकडे, मालकी दुसरीकडे

शांततेच्या दिवसांत कंबोडियातल्या सिएम रीप शहराहून पहाटे निघालेली एका दिवसाची सहल थायलंडच्या सीमेवरच्या प्रेह विहिअर देवळाच्या पायथ्याशी येते आणि तिथे गाडी बदलावी लागते. पुढचा चढ इतका उभा, की पिकअपच्या हौद्यात किंवा मोटरसायकलवर मागे बसूनच काँक्रीटच्या रस्त्यानं वर जायचं. देवळाची मूळ वाट मात्र उत्तरेकडची, सौम्य उताराची. ती थायलंडच्या बाजूनं येते आणि 2008 च्या तंट्यानंतर बंद झाली.

हे देऊळ डांग्रेक डोंगररांगेवर आहे. कंबोडियाच्या ख्मेर भाषेत डांग्रेक म्हणजे खांद्यावरची कावड. रांगेच्या दक्षिण टोकाला, कंबोडियाच्या मैदानापासून सुमारे 525 मीटर उंच कड्यावर ‘शिखरेश्वर’ शिवाचं हे स्थान. नवव्या शतकाच्या शेवटी यशोवर्मन पहिला याच्या काळात सुरुवात झाली. आज दिसणारं बरंचसं बांधकाम अकराव्या-बाराव्या शतकातलं, सूर्यवर्मन पहिला आणि दुसरा या राजांचं. ख्मेर देवळं सहसा पूर्वाभिमुख असतात, हे उत्तराभिमुख. सुमारे 800 मीटर लांबीची सरळ चढण आणि वाटेत पाच गोपुरं. खालून दुसरं गोपुर ओलांडून मागे वळलं, की दारावर समुद्रमंथन दिसतं: तळाशी कासव, दोन्ही बाजूंनी वासुकीला ओढणारे देव-दानव. घाईघाईनं वर चढणाऱ्यांचं ते हमखास राहतं.

भांडणाचं मूळ नकाशात आहे. कंबोडिया तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात होता. फ्रान्स आणि सयाम (आजचं थायलंड) यांच्यातल्या 1904 च्या करारानुसार सीमा पाणलोटाच्या रेषेनं, म्हणजे पावसाचं पाणी जिथून दोन बाजूंना वाहतं तिथून, जायची होती. फ्रेंच अधिकाऱ्यांनी 1907 मध्ये काढलेल्या नकाशात मात्र देऊळ कंबोडियात दाखवलं गेलं. सयामनं हरकत घेतली नाहीच, उलट गृहमंत्री राजपुत्र दामरोंग यांनी 1908 मध्ये आभार मानून आणखी 15 प्रती मागवल्या! पुढे 1930 मध्ये तेच दामरोंग देऊळ पाहायला आले, तेव्हा फ्रेंच झेंडा लावून फ्रेंच रेसिडेंटनं, म्हणजे तिथल्या फ्रेंच प्रशासकानं, त्यांचं यजमानासारखं स्वागत केलं. परतल्यावर त्यांनी त्याला भेटीचे फोटोही पाठवले. असा शिष्टाचार किती महाग पडतो ते नंतर कळलं.

कंबोडिया 1953 मध्ये स्वतंत्र झाला, पाठोपाठ थाई पथकानं देवळाचा ताबा घेतला. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं 15 जून 1962 रोजी 9 विरुद्ध 3 मतांनी कौल दिला तो कंबोडियाच्या बाजूनं: इतकी वर्षं नकाशा मुकाट्यानं मानला, तर आता नाकारता येणार नाही. थाई सैनिकांनी झेंडा खाली न उतरवता काठीच उपटली आणि फडकत्या झेंड्यासह शेजारच्या कड्यावर नेऊन रोवली. जानेवारी 1963 मध्ये कंबोडियाचे राष्ट्रप्रमुख सिहानुक कंबोडियाच्या बाजूचा कडा चढून आले आणि त्यांनी ताबा घेतला.

पुढचा इतिहास रक्ताळलेला आहे. जून 1979 मध्ये थाई लष्करानं चाळीस हजारांहून अधिक कंबोडियन निर्वासितांना याच कड्यावरून खाली, सुरुंग पेरलेल्या जंगलात हाकललं; हजारो मेले. युनेस्कोनं 2008 मध्ये देवळाला जागतिक वारशाचा दर्जा दिला आणि जुनी जखम उघडली. 2011 पर्यंत चकमकी होत राहिल्या. देऊळ ज्या सुळक्यावर आहे तोही कंबोडियाचाच, असा खुलासा न्यायालयानं 2013 मध्ये केला. तरी 2025 मध्ये सीमेवर पुन्हा तोफा धडाडल्याच.