स्वयंचलित इंडेक्स वगळणे

स्वयंचलित इंडेक्स वगळणे : काही क्लाउड डेटाबेस प्रत्येक नोंदीतल्या प्रत्येक फील्डचा (नाव, तारीख अशा रकान्याचा) इंडेक्स कोणी न सांगता बनवतात. त्यांपैकी ज्या फील्डवरून कधीच शोध घेतला जात नाही त्यांचे इंडेक्स बंद करून खर्च कमी करण्याची पद्धत. (इंडेक्ससाठी ‘निर्देशांक’ हा शब्द आहे, पण तो वाचला की शेअर बाजार आठवतो. म्हणून येथे बोलण्यातला शब्दच ठेवला आहे.)

इंडेक्स म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची, असे शिकवले जाते. ही उपमा वाचण्यापुरती बरोबर आहे. खर्चाच्या बाबतीत मात्र ती फसवी ठरते, कारण पुस्तकाची सूची मजकूर पुरा झाल्यावर एकदाच केली जाते. डेटाबेसमध्ये नवी नोंद आली, जुनी बदलली किंवा पुसली, की त्या त्या वेळी संबंधित सूच्या दुरुस्त कराव्या लागतात. शोधाचा वेग वाढतो आणि त्याचे पैसे लिहिताना मोजले जातात.

हा प्रश्न ठळकपणे पुढे आला तो गूगल ॲप इंजिन या वेब-ॲप चालवण्याच्या सेवेच्या डेटास्टोअर नावाच्या डेटाबेसमध्ये. ॲप इंजिन २००८ मध्ये खुले झाले. त्यातला डेटास्टोअर बिगटेबल या गूगलच्या अंतर्गत साठवणव्यवस्थेवर उभा होता आणि त्याचा एक कडक नियम होता: कोणतीही क्वेरी (शोधाची मागणी) इंडेक्सवरूनच चालेल, सगळ्या नोंदी चाळून उत्तर काढले जाणार नाही. त्यामुळे क्वेरीला लागणारा वेळ एकूण साठ्यावर अवलंबून न राहता उत्तरात किती नोंदी येतात यावर ठरे. पण उद्या प्रोग्रामर कोणत्या फील्डवर शोध घेईल हे डेटाबेसला आधी कसे कळणार? म्हणून प्रत्येक फील्डचे दोन इंडेक्स, एक चढत्या क्रमाचा व एक उतरत्या क्रमाचा, आपोआप बनू लागले. एकाहून अधिक फील्डचे संयुक्त इंडेक्स मात्र वेगळ्या फाइलमध्ये नोंदवावे लागत.

सुरुवातीला बिल मुख्यतः प्रोसेसरच्या वेळावर निघे, आणि इंडेक्सचा भार त्यात मिसळून जाई. नोव्हेंबर २०११ मध्ये नवी दरपद्धती आली व प्रत्येक राइट, म्हणजे साठ्यात किंवा इंडेक्समध्ये होणारे एकेक लेखन, मोजला जाऊ लागला. नव्या नोंदीला २ राइट, शिवाय इंडेक्स असलेल्या प्रत्येक मूल्यामागे २ आणि संयुक्त इंडेक्समधल्या प्रत्येक मूल्यामागे १. जुनी नोंद बदलली तर १ राइट आणि बदललेल्या प्रत्येक इंडेक्स-मूल्यामागे ४, कारण दोन्ही इंडेक्समधून जुने मूल्य काढून नवे घालायचे. आता दहा फील्डची साधी नोंद घ्या. ती पहिल्यांदा साठवताना २२ राइट लागत. शोध फक्त दोन फील्डवर होत असेल आणि बाकीची आठ वगळली, तर ६. त्या वेळच्या एक लाख राइटला १० सेंट या दराने दहा लाख नोंदींचा खर्च २२ डॉलरवरून ६ डॉलरवर येई. यासाठी पायथनमध्ये फील्डच्या व्याख्येत ‘इंडेक्स्ड=फॉल्स’ एवढे लिहायचे; जावामध्ये त्यासाठी वेगळी मेथड होती. बचतीच्या मानाने इतके कमी टंकन क्वचितच करावे लागते.

तरीही ही युक्ती आंधळेपणाने करण्यासारखी नव्हती. व्याख्या बदलली तरी आधीच्या नोंदींचे इंडेक्स जागेवरच राहत. नोंद पुन्हा साठवली जाईल तेव्हाच ते जात. उलट दिशेने हे अधिक महाग पडे. वगळलेल्या फील्डवर वर्षभराने शोध हवा झाला, तर सगळ्या जुन्या नोंदी वाचून पुन्हा लिहाव्या लागत आणि वाचवलेले पैसे तिथेच जात. वगळलेले फील्ड संयुक्त इंडेक्समध्ये असेल, तर ती नोंद त्या इंडेक्समधूनही गळे. सगळ्यांत वाईट म्हणजे काही लायब्ररींतून अशा फील्डवर क्वेरी केली की चूक दाखवली जात नसे, नुसता रिकामा निकाल येई. माहिती आहे पण सापडत नाही, ही चूक शोधणे कोणत्याही बिलापेक्षा जास्त डोकेदुखीचे.

जुलै २०१६ मध्ये डेटास्टोअरचे दर पुन्हा बदलले. आता नोंद लिहिली की एकच राइट धरला जातो, तिचे इंडेक्स कितीही असोत. त्याआधीचे सल्ले वाचून आजही इंडेक्स वगळणाऱ्यांच्या बिलातली राइटची रक्कम म्हणूनच हलत नाही. २०१७ मध्ये आलेल्या फायरस्टोअर या गूगलच्याच डेटाबेसचेही (त्याच्या ‘स्टँडर्ड’ आवृत्तीत) तसेच: राइट दस्तऐवजागणिक (तिथे नोंदीला हे नाव आहे) मोजले जातात, पण इंडेक्सने व्यापलेली जागा साठवणीच्या बिलात धरली जाते. नेस्टेड मॅपमधल्या (फील्डच्या आत फील्ड असलेल्या रचनेतल्या) प्रत्येक उपफील्डचा आणि ॲरेमधल्या (एका फील्डमधल्या यादीतल्या) प्रत्येक घटकाचाही इंडेक्स होत असल्याने ही जागा मूळ मजकुराहून मोठी होऊ शकते. लांब मजकूर, मोठे ॲरे व मॅप यांना इंडेक्समधून सूट देण्यात म्हणून अर्थ आहे. दुसरा लाभ वेगाचा. सतत वाढत जाणारे मूल्य, उदाहरणार्थ वेळेचा शिक्का, इंडेक्समध्ये असेल तर एका कलेक्शनमध्ये (दस्तऐवजांच्या संचात) सेकंदाला सुमारे ५०० राइटची मर्यादा पडते. सूट दिली की ती उठते. एका दस्तऐवजाला जास्तीत जास्त ४०,००० इंडेक्स-नोंदी चालतात, ही अडचणही त्यानेच सुटते.

मायक्रोसॉफ्टच्या ॲझुर कॉसमॉस डीबीमध्येही सर्व फील्ड मुळातच इंडेक्स होतात, पण तिथे हिशेब निराळा आहे. प्रत्येक कामाची किंमत ‘रिक्वेस्ट युनिट’मध्ये ठरते, एक किलोबाइटची नोंद आयडीने वाचायला १ युनिट लागते. लिहिताना जितके इंडेक्स अधिक तितकी युनिटे अधिक. कंटेनरच्या (नोंदींच्या संचाच्या) इंडेक्स धोरणात कोणते पाथ (फील्डपर्यंतचे मार्ग) घ्यायचे व कोणते वगळायचे हे लिहिता येते. सरळ मूळ पाथच, म्हणजे सगळीच फील्ड, वगळून हवे तेवढेच आत घ्यावे, ही जास्त लिहिणाऱ्या व कमी शोधणाऱ्या ॲपसाठी चांगली रीत. नुसत्या आयडीने वाचायचे असेल तर इंडेक्सिंग पूर्ण बंदही करता येते, मात्र मग मुदत संपलेल्या नोंदी आपोआप पुसण्याची सोय मिळत नाही. वगळलेल्या फील्डवर गाळणी लावली तर येथे क्वेरी चालते, पण सगळ्या नोंदी चाळून. एका क्वेरीची युनिटे अनेक पटींनी वाढतात. त्याच फील्डवर क्रम लावायला सांगितले, तर ती सरळ नाकारली जाते. आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. आधी ठरवून घेतलेल्या क्षमतेचे पैसे तासागणिक लागतात. राइट स्वस्त झाल्यावर ती क्षमता खाली आणली नाही, तर बिल तसेच राहते.

रिलेशनल (तक्त्यांत माहिती ठेवणाऱ्या) डेटाबेसमध्ये न मागता मिळणारे इंडेक्स थोडे असतात. प्रायमरी की (नोंदीची ओळख ठरवणारे फील्ड) व युनिक बंधन (मूल्य दोनदा येऊ नये हा नियम) यांचे इंडेक्स ते बंधन ठेवून काढता येत नाहीत, काढूही नयेत. मायएसक्यूएलचे इनोडीबी हे साठवण-इंजिन फॉरेन कीसाठी (दुसऱ्या तक्त्यातल्या नोंदीकडे बोट दाखवणाऱ्या फील्डसाठी) इंडेक्स बनवते, पोस्टग्रेस बनवत नाही. पोस्टग्रेसवर चालणाऱ्या जँगो (पायथनमधले वेब फ्रेमवर्क) प्रकल्पात तरीही तसे इंडेक्स दिसतात, ते फ्रेमवर्कने घातलेले असतात; मॉडेलमध्ये ‘डीबी_इंडेक्स=फॉल्स’ लिहून ते टाळता येतात. त्याआधी ‘पीजी_स्टॅट_यूझर_इंडेक्सेस’ या पोस्टग्रेसच्या दृश्यात (व्ह्यूमध्ये) तो इंडेक्स किती वेळा वापरला गेला हे पाहावे. आकडा शून्य असला तरी महिनाअखेरचा एखादा अहवाल त्यावर चालत नाही ना, हे महिना उलटल्याशिवाय कळत नाही. शिवाय रीड रेप्लिकावर (फक्त वाचण्यासाठी ठेवलेल्या प्रतीवर) झालेला वापर मुख्य सर्व्हरच्या आकड्यात येत नाही, त्यामुळे तिथला आकडा वेगळा पाहावा लागतो.