‘सौम्य’ म्हणजे नेमकं काय?

कागदावर ‘एमसीआय’ (माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट, म्हणजे स्मरण-आकलनातली सौम्य घट) लिहून दिलं की मिरजेहून जतला परतणाऱ्या गाडीत त्याचं ‘आईला स्मृतिभ्रंशाची सुरुवात झालीय’ असं होतं. घोळ आपल्या ‘सौम्य’ या शब्दात आहे. तो सौम्य डिमेन्शियालाही (म्हणजे स्मृतिभ्रंशालाही) लागतो आणि डिमेन्शिया नसलेल्या या एमसीआयच्या मधल्या अवस्थेलाही.

१९६२ मध्ये अशा विसरण्याला ‘म्हातारपणाचा निरुपद्रवी विसराळूपणा’ म्हटलं गेलं. १९९९ च्या निकषांनी त्यातून वेगळी अवस्था काढली: स्मरणशक्ती वयाच्या मानाने घटलेली, रोजचे व्यवहार मात्र शाबूत. काहींची पुढे डिमेन्शियाकडे वाटचाल होते, काही पुन्हा पूर्ववत होतात. खरी मेख ‘व्यवहार शाबूत’ या अटीत आहे. आमच्याकडे गोळ्या सून देते, किराणा नातू आणतो, बँकेत मुलगा जातो. म्हातारीचं काय बिघडलंय हे कळायला तिच्याकडे काम तर उरायला हवं!

चाचण्यांचंही तसंच. २००५ पासून चालणाऱ्या तीस गुणांच्या चाचणीत घड्याळ काढून काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर दाखवायचे असतात. खुरपं धरावं तशी पेन्सिल मुठीत धरलेली आजी तिथेच अडते. गेल्या साली हळदीला काय दर लागला ते मात्र मुलाच्या आधी सांगते. बारा किंवा कमी वर्षं शिकलेल्याला एक गुण वाढवून मिळतो, म्हणजे अकरावी झालेल्याला आणि शाळेची पायरीही न चढलेल्याला सारखाच. निरक्षरांसाठी वेगळी आवृत्ती पुढे आली. खरं तर १९९५ मध्येच हरियाणातल्या खेड्यांसाठी जुन्या इंग्रजी चाचणीचं हिंदी रूप बनलं होतं. शब्द उलटा स्पेल करण्याऐवजी वार उलटे म्हणायचे. गुरुवार, बुधवार, मंगळवार… हे तिला जमतं.

मेंदूतले बदल त्याही आधीचे. डिमेन्शियाचं सर्वाधिक आढळणारं कारण म्हणजे अल्झायमर; त्यात अमायलॉइड प्रथिन लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून मेंदूत साठू लागतं. २००४ मध्ये ते जिवंत माणसाच्या स्कॅनवर दिसलं आणि वाद पेटला. २०१८ च्या संशोधन-चौकटीने आणि २०२४ च्या निकषांनी अल्झायमर लक्षणांवरून नव्हे, या खुणांवरून ठरवला. तज्ज्ञांचा दुसरा गट म्हणतो, लक्षणं नसतील तर तो आजार नव्हे, फक्त धोका. मला हेच पटतं. २०२५ मध्ये अमेरिकेत अमायलॉइडसाठी रक्तचाचणीला मंजुरी मिळाली, तीही पंचावन्नच्या पुढच्या, लक्षणं असलेल्यांपुरतीच.