जुनी मिल ते फताटेवाडी : वाफेच्या लवचिकतेची पार्श्वभूमी

१८७७ साली जुनी मिल सुरू झाली आणि पुढे कित्येक पिढ्या सोलापूरचा दिवस गिरणीच्या भोंग्यावर उजाडत राहिला. त्या काळच्या कापडगिरण्यांत सर्रास दिसणारा लँकेशायर बॉयलर १८४४ चा. त्याच्या आडव्या, भल्यामोठ्या पिंपात टनावारी तापलेले पाणी साठलेले असे, त्यामुळे माग एकदम थांबले किंवा सुरू झाले तरी दाब फारसा ढळत नसे. काचेच्या नळीतली पाण्याची पातळी आणि दाबमापकाचा काटा यांवर नजर ठेवून अटेंडंट भट्टीत कोळसा टाकी. लवचिकता, म्हणजे मागणीप्रमाणे वाफ कमी-जास्त करण्याची सोय, होती ती त्या साठ्यात, पण थंड बॉयलर पेटवून वाफ धरायला तासन्‌तास जात.

१८८४ मध्ये इंग्रज अभियंता पार्सन्स यांची टर्बाइन, म्हणजे वाफेच्या जोरावर फिरणारे यंत्र, आली आणि वीजनिर्मितीसाठी दाब व तापमान दोन्ही चढत गेले. दाब वाढला तशी बॉयलरच्या ड्रमची, म्हणजे पाण्यातून वाफ वेगळी होते त्या पिंपाची, भिंत जाड झाली; जाड पोलाद घाईने तापवले, तर आतले व बाहेरचे थर सारखे फुगत नाहीत आणि कालांतराने तडे जातात. १९२२ च्या बेन्सन पेटंटने वेगळी वाट दाखवली. पाणी नळ्यांतून एकाच फेरीत वाफ होऊन निघते, ड्रम लागतच नाही. २२१ बार दाब आणि ३७४ अंश सेल्सिअस या क्रांतिक बिंदूच्या पुढे तर पाणी व वाफ यांतला भेदच उरत नाही.

दक्षिण सोलापूर तालुक्यात फताटेवाडीजवळ, उजनीच्या पाण्यावर चालणारे एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीचे ६६० मेगावॅटचे दोन संच याच सुपरक्रिटिकल, म्हणजे क्रांतिक बिंदूच्या वर चालणाऱ्या, जातीचे आहेत. आपल्याकडे कोळशाचे संच मुख्यतः पूर्ण भाराने अखंड चालवण्यासाठी आखले गेले, आणि माझ्या मते आजच्या अडचणीचे मूळ तिथे आहे. दुपारी सौरवीज भरपूर असते, सूर्य कलताच ती ओसरते; त्यामुळे कोळशाच्या संचांना दुपारी खाली उतरून संध्याकाळी पुन्हा चढावे लागते. म्हणून केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांनी कोळशाच्या संचांचा किमान भार ५५ टक्क्यांपर्यंत आणि पुढे टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांपर्यंत उतरवण्याची क्षमता मागितली. ६६० च्या संचासाठी हे आकडे ३६३ आणि २६४ मेगावॅट होतात.

एवढ्या खाली उतरताना कार्यक्षमता घटते. ती शक्य तितकी राखण्यासाठी टर्बाइनच्या झडपा आवळण्याऐवजी उघड्या ठेवून बॉयलरचाच दाब भाराबरोबर उतरवतात; त्यामुळे पाणी भरणाऱ्या पंपाची वीज वाचते आणि टर्बाइनच्या आतले तापमान फारसे हलत नाही. मात्र कमी दाबात हाच बॉयलर क्रांतिक बिंदूखाली येतो, नळ्यांत पाणी पुन्हा उकळू लागते आणि प्रवाह मंदावलेला असल्याने प्रत्येक नळीला पुरेसे पाणी मिळते की नाही हे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते.